तळ्याकडच्या ओळीतलं शेवटचं झाड

१

उन्हाळ्यात आमच्या बागेतली डाळिंबाची झाडं साड्या नेसतात. इंदापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा बाकीच्या बाई हसल्या होत्या, म्हणून आधीच खुलासा करते. एप्रिल-मेचं ऊन फळावर थेट पडलं की साल भाजते आणि तिथं काळपट चट्टा उठतो. असलं फळ व्यापारी हातात घेतो, फिरवून बघतो आणि परत खाली ठेवतो. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे जुन्या साड्या. बारामतीला त्या गठ्ठ्यानं, किलोवर मिळतात. कुणाच्या असतात, कुठून येतात, कुणी विचारत नाही. झाडावर टाकायच्या, खालून सुतळीनं बांधायच्या आणि पाऊस जवळ आला की काढून ठेवायच्या.

बाकीचे लोक साड्या टाकतात. माझी आई नेसवते. खालच्या फांद्यांना एक वेढा, मग कापड वर नेऊन शेंड्यावरून पदर आणि पदराचं टोक डावीकडून पुढं. आमची शेजारीण द्वारकाबाई, आईची जुनी मैत्रीण, तिला चिडवायची, "कुशाबाई, आता कुकू बी लाव की त्यास्नी."

"माझी झाडं हायती," आई म्हणायची. "उघडीवाघडी कशाला हुबी करू?"

पिंपळीच्या शिवारात आमची बाग लांबून ओळखू येते आणि मला त्याचा अभिमान आहे. उगाच विनय कशाला दाखवू? माझे वडील जोतीराम गेले तेव्हा ही जमीन म्हणजे नुसता मुरूम होता. भावकीनं सांगितलं, विकून टाक आणि माहेरी जा. आईनं खड्डे घेतले, ठिबक टाकलं, डाळिंब लावलं आणि त्यावर मला बी.एड.पर्यंत शिकवलं. आज तीच भावकी छाटणी कधी करायची ते विचारायला आमच्या ओट्यावर येऊन बसते. आई त्यांना चहा पाजते आणि बरोबर वेळ सांगते. मी असते तर चुकीची सांगितली असती.

यंदा ग्रामपंचायतीसमोर तपासणीची गाडी आली. बायकांच्या छातीची तपासणी, फुकट. आशाताई दारोदार फिरून घसा बसवून घेत होती, पण एक बाई घरातून निघेना. "आमाला काय धाड भरलीय?" असं द्वारकाबाईच सगळ्यांच्या वतीनं म्हणाली. शेवटी आईनं पदर खोचला. "मी जाते पयली. बघू कोन मागं ऱ्हातंय," म्हणाली आणि गाडीत चढली. तिच्यामागून सगळी आळी लाजत, हसत, एकमेकींना ढकलत चढली.

सगळ्याजणींना निरोप आला, काही नाही. आईला फोन आला, परत या.

२

शाळेला सुट्टी लागलेली होती, म्हणून मी सासरहून येऊन राहिले आणि आईला घेऊन बारामतीला गेले. डॉक्टरीणबाईंनी डाव्या बाजूची गाठ तपासली, सुईनं तुकडा काढला, वर पट्टी चिकटवली. "आत्ता काहीच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट आला की मी स्वतः फोन करते."

आईनं त्या दिवशी जांभळी साडी नेसली होती, बारीक पांढऱ्या बुट्ट्यांची. माझ्या पहिल्या पगाराची साडी. जखमेला लावलेलं तांबूस औषध पदराला लागलं होतं. बसमध्ये तो डाग ती हातानं झाकून बसली होती आणि खिडकीतून लोकांच्या उसाला नावं ठेवत होती.

आमच्याकडं दवाखान्यात नेसलेलं कापड तसंच घरात नेत नाहीत. दारातच भिजत घालतात, धुतात, मग घरात. आईला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्या दिवशी तिनं आंघोळ केली, दुसरी साडी नेसली आणि मी चहा ठेवेपर्यंत ती जांभळी साडी काखेत मारून बागेत गेलीसुद्धा. तळ्याकडच्या ओळीतलं शेवटचं झाड उघडं राहिलं होतं. गठ्ठा तिथंच संपला होता. मी मागून पोचले तेव्हा ती सुतळीची गाठ मारत होती.

"आई, न भिजवता? आणि माझ्या पहिल्या पगाराची हाय ती."

"मग? झाड काय परकं हाय व्हय?" ती म्हणाली. "भाजाया लागलं हुतं. घरात कापड पडून ऱ्हान्यापरीस बरं."

पदर नेहमीसारखा डावीकडून पुढं घेतला होता. औषधाचा डाग नेमका तिथं आला होता, जिथं तिच्या अंगावर पट्टी होती. आम्ही घराकडं वळलो. बांधावरून मी एकदा मागं बघितलं. बाकीच्या झाडांची उंची मी कधी आईशी ताडून पाहिली नव्हती. हे झाड बरोबर तिच्याएवढं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप जाऊन ती साडी सोडून आणली. झाडावर एक जुनी चादर बांधली. साडी भिजवली, घासली, डाग पूर्ण जाईपर्यंत घासली, वाळवली आणि घडी करून आईच्या ट्रंकेत ठेवली. मला बरं वाटलं. वाट बघणाऱ्या माणसाला हाताला काम लागतं.

बाकी वेळ मी फोन घेऊन अंगणात फिरत होते, कारण घरात रेंज नाही. फोन हातात असला की माणूस नको ते वाचतं. गाठींचे प्रकार वाचले, टप्पे वाचले, कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांच्या हकिगती वाचल्या. आई ओट्यावर तूर पाखडत होती.

"त्यात बघून गाठ इरघळती व्हय, संजे?" तिनं विचारलं.

"माहिती असलेली बरी."

"तुला आधीपास्नंच लय माहिती," ती म्हणाली आणि सूप आपटलं. रात्री ती घोरत झोपली. मी मात्र तिचं घोरणं ऐकत पडून होते. मधेच ते थांबलं की माझाही श्वास थांबायचा.

सकाळी पाणी सोडायला बागेत गेले. चादर बांधावर घडी घालून ठेवलेली होती. झाड जांभळी साडी नेसून उभं होतं. पदर डावीकडून पुढं, त्यावर तांबूस डाग.

मी चिडले. वाटलं, आईनं उठून ट्रंक उघडली, आपला हट्ट पुरा केला. डाग काय, ओलाव्यानं परत वर आला असेल. मी तरातरा घरी आले आणि ट्रंक उघडली. साडी आतच होती. मी घातलेल्या घडीत, साबणाच्या वासाची, कुठंही डाग नसलेली.

ट्रंकेसमोर बसून मी विचार केला, कारण मला तेच येतं. एका छापाच्या साड्या गिरणीतून हजारोंनी निघतात. गठ्ठ्यात तशीच एखादी आली असणार. औषधाचा डाग कुठल्याही बाईच्या पदराला पडू शकतो, दवाखान्यात काय आमची आई एकटी जाते? आणि मग मला आठवलं की गठ्ठा संपला होता.

"तू बदललीस का गं चादर?" मी चुलीपाशी जाऊन विचारलं.

"मी न्हाय."

"मग कुणी?"

आईनं फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. "असू दे आता. ऊन लय हाय. काढू नगंस," ती म्हणाली.

४

त्यानंतर दुपारी वारा सुटला. आमच्याकडं मे महिन्यातला वारा धूळ आणि पाचट उचलून आणतो. सगळ्या बागेचे पदर उडायला लागले, हिरवे, पिवळे, विटके गुलाबी, फडाफडा आवाज. मी अंगणातून बघत होते. तळ्याकडच्या ओळीच्या शेवटी एक पदर हलत नव्हता. वरून हातानं धरून ठेवल्यासारखा तो जागेवर होता.

तिथं तळ्याच्या भरावाचा आडोसा आहे, मी स्वतःला सांगितलं. वारा भरावावरून वर उचलला जातो. नववीच्या पुस्तकात आहे. पण त्याच्या शेजारचं झाड, त्याच आडोशातलं, अंगावरची साडी फाडून टाकेल की काय असं झोडपत होतं.

त्या संध्याकाळी उजेड असतानाच द्वारकाबाई आली. ओट्यावर टेकली, पदरानं घाम पुसला. आई आत आडवी झाली होती, जखम ठणकत होती तिची.

"आईला म्हनावं, असं उनाचं हुबं ऱ्हाऊ नगं," द्वारकाबाई मला म्हणाली. "तळ्याकडं हुबी हाय कवाधरनं. रस्त्यावरनं हाका मारल्या म्या, वळंना. रागावली का काय माझ्यावर?"

तेवढ्यात आई आतून उठून दारात आली. "कोन? द्वारका व्हय? ये की आत."

द्वारकाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग बागेकडं बघितलं. मी तिच्या हातात चहाचा कप दिला, तो तिनं दोन्ही हातांनी धरला आणि ओठाला लावला नाही. मग एकदम रडायला लागली. "तू गेलीस म्हनून आमी गेलो गं. आमी समद्या सुटलो, आन् तूच..."

"गप," आई म्हणाली. "म्या काय मेलीय व्हय? च्या पी. निवतोय."

द्वारकाबाई गेली ती बांधाची जवळची वाट सोडून, लांबच्या रस्त्यानं गेली. भांडी घासताना मला खाकरण्याचा आवाज आला. आई बाप्यामाणसांपुढं बोलायला लागण्याआधी तसं बारीक खाकरते, पूर्वीपासून. मी मागं वळले. आई घरात होती, माझ्या डाव्या हाताला, दिवा लावत. आवाज उजवीकडून आला होता, बागेतून.

५

मला भूत-पिशाच्च सहन होत नाही. म्हणजे भीती वाटते असं नाही, राग येतो. माझ्या आईनं मुरमातून बाग उभी केली ती कुठल्या अंगाऱ्या-धुपाऱ्यानं नाही. म्हणून मी ठरवलं की भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना जायचं, साडी वर करायची, आतलं झाड बघायचं आणि विषय संपवायचा.

आई भात खाऊन पडली होती. मी अनवाणी निघाले आणि पाय भाजल्यावर परत येऊन चपला घातल्या. बागेत वारा नव्हता. झाडं पदर घेऊन ओळीनं उभी होती आणि मधून जाताना मला उगाच वाटलं की कुणाच्या तरी घरच्या कार्याला उशिरा पोचलेय. एरवी या ओळींतून जाताना फार बरं वाटतं. एकेक झाड आईनं कसं जगवलं ते मला ठाऊक आहे.

शेवटच्या झाडापाशी थांबले. सुतळीची गाठ आईचीच होती, दुहेरी. साडी वर करायला हात पुढं केला आणि का कुणास ठाऊक, मला ते बरोबर वाटलं नाही. भर दुपारी कुणाची साडी वर करायची म्हणजे काय. मग मी फक्त पदराखाली हात घातला, जसा आम्ही फळं चाचपायला घालतो.

डाळिंबाला काटे असतात. आमच्याकडची पोरं चालायला लागतात तेव्हापासून त्यांना कळतं की झाडात हात हळू घालायचा. मी हळू घातला. काटा लागला नाही. पान लागलं नाही. हात कशावर तरी टेकला, मऊ. ते गरम होतं, उन्हाचं नव्हे, अंगाचं गरम. बोटांना चिकटपट्टीची कड लागली. तिच्याखाली काहीतरी घट्ट होतं, कोवळ्या फळाएवढं. आणि ते सगळं हळूहळू वर येत होतं, खाली जात होतं.

"आई?" मी म्हणाले.

वर आलेलं खाली गेलंच नाही. ते तसंच थांबलं, कुणीतरी ऐकत असल्यासारखं.

मी हात काढून घेतला. कुशाबाईची मुलगी पळत नाही, म्हणून मी चालत आले. ओळ संपेपर्यंत, बांधावरून, अंगणापर्यंत चालत आले आणि मग ओट्याच्या पायरीवर बसून हात उलटासुलटा करून बघितला. हातावर एक ओरखडा नव्हता. आत आई कुशीवर झोपली होती, घामानं निथळत. तिचा गाल रापलेला नव्हता, पाय मातीचे नव्हते. मी तिच्या पायांशी बसून राहिले.

६

फोन आला त्या दिवशी आईनं सकाळीच ट्रंक उघडली आणि धुतलेली जांभळी साडी नेसली. "आज यील फोन," म्हणाली. "बरं नेसावं." मग चुलीपुढं बसून भाकरी करायला घेतल्या. मी अंगणात होते. थप, थप, थप, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आईचा हात फार छान पडतो, एका लयीत. लहानपणी मी त्या आवाजानं जागी व्हायचे.

डॉक्टरीणबाईंचा आवाज शांत होता. गाठ कॅन्सरची आहे, त्या म्हणाल्या. पण अगदी सुरुवातीची आहे, फार लवकर सापडली. ऑपरेशन करू, पुढचे उपचार करू, बऱ्या होतील. उद्या घेऊन या. मी "हो मॅडम" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि मान वर केली.

बागेतून आई चालत येत होती.

जांभळी साडी, डोक्यावर पदर, छातीपाशी तांबूस डाग. दोन्ही दंडांवर काट्यांचे ओरखडे, केसांत डाळिंबाची पानं. उन्हानं तिचा एक गाल काळा पडला होता. बांधावरून उतरताना तिनं नेहमीसारखा गुडघ्यावर हात टेकला. अंगणात आली, ओट्यावर बसली आणि पाय पसरले. तिच्या टाचा भेगाळल्या होत्या.

घरात भाकरी थापल्याचा आवाज चालूच होता. थप, थप, थप.

"काय म्हनली डाक्टरीन?" ओट्यावरच्या आईनं विचारलं.

मला काय करावंसं वाटलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. आत जावं, दार लावून घ्यावं, कडी घालावी, असं मला वाटलं. आतली आई धडधाकट होती. तिचे हात चालत होते, साडीला डाग नव्हता. तिच्याशेजारी बसून गरम भाकरी खाल्ली असती आणि फोन विहिरीत टाकला असता. एक पाऊल मी टाकलंही. ओट्यावरच्या आईनं मला अडवलं नाही. माझा हात धरला नाही, रडली नाही. नुसती ताठ बसून राहिली. एवढे दिवस उन्हातही ती अशीच एकटी उभी असणार, कुणाला हाक न मारता. मला तिचा अभिमान वाटला.

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. तो गरम होता, त्यावरच्या ओरखड्यांत रक्त सुकलं होतं.

"आई, कॅन्सर हाय," मी म्हणाले. "पण लवकर सापडलाय. ऑपरेशन करायचंय. उद्या बोलवलंय."

आतला आवाज थांबला.

आईनं मान हलवली. बागेकडं बघितलं. मग बारीक खाकरली. "लवकर सापडला न्हवं? मग झालं तर," ती म्हणाली. "द्वारकाला सांग, रडत बसू नगंस म्हनावं. म्हनावं, कुशाबाई पयली चढली म्हनून कुशाबाई वाचली. फुडच्या साली गाडी यील तवा बी पयली मीच चढनार हाय."

"सांगते."

"आन् पानी दे आधी. लय तहान लागलीय."

मी तिला तांब्याभर पाणी दिलं. तिनं वरून घटाघटा ओतून घेतलं, गळ्यावरून खाली सांडलं, तरी थांबली नाही. करपल्याचा वास यायला लागला होता.

"जा, भाकर करपली बघ," ती म्हणाली.

मी आत गेले. चुलीपुढचा पाट रिकामा होता. तव्यावरची भाकरी काळी होत होती, ती मी उचलून बाजूला टाकली. परातीत अर्धी थापलेली भाकरी होती, तिच्यावर उजव्या हाताची बोटं उमटली होती, पाचही. मी माझी बोटं त्यांच्यावर ठेवली. पीठ अजून कोमट होतं. मी पाटावर बसले, किती वेळ ते माहीत नाही, हात तसाच ठेवून.

"संजे," बाहेरून आईनं हाक मारली, "भूक लागलीय गं."

मी पिठावरचा तो हात मोडला आणि पीठ पुन्हा मळायला घेतलं.